टेस्ट ट्यूब बेबी सेंटरची चूक झाली तर दाद कशी मागावी

माझी मामेबहीण दारव्हा तालुक्यातली. सोयाबीन विकून आणि बचत गटाचं कर्ज काढून तिनं शहरातल्या एका सेंटरमध्ये उपचार घेतले. पहिल्या वेळी गर्भ टिकला नाही, पण "तीन भ्रूण गोठवून ठेवलेत, काळजी करू नका," असं तिला सांगितलं होतं. सहा महिन्यांनी ती परत गेली तेव्हा म्हणाले, "ते खराब झाले, नव्यानं सुरू करावं लागेल." कधी झाले, कशानं झाले, याचा कागदावर एक शब्द नव्हता. सासू म्हणाली, "गप राह्य माय, गावभर बोभाटा होईन." ती वर्षभर गप राहिली. त्या वर्षाची किंमत तिला पुढे कळली. तुमच्या घरात असं कोणी गप बसलं असेल, तर पुढचं तिला वाचून दाखवा.

आधी चूक आणि अपयश वेगळं करा

गर्भ राहिला नाही एवढ्यावरून केस उभी राहत नाही. चांगल्या डॉक्टरांच्या हातूनही हे उपचार अनेकदा फसतात. दुसऱ्याचं वीर्य किंवा अंडी वापरली गेली, न विचारता दात्याचं बीज वापरलं, गोठवलेले भ्रूण हलगर्जीपणानं गेले, इंजेक्शनांनी पोट फुगून दम लागला तरी लक्ष दिलं नाही, धोके समजावून न सांगता सही घेतली, तर मात्र ती दाद मागण्यासारखी गोष्ट आहे. इंग्रजी फॉर्मवर "इथे सही करा" एवढंच सांगितलं असेल, तर तेही तक्रारीत लिहा. समजून घेऊन दिलेली लेखी संमती कायद्यानं सक्तीची आहे. भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी ती मागेही घेता येते.

भांडण्याआधी फाईल

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या. सेंटरला साधा मराठी अर्ज करा: "माझ्या उपचारांच्या संपूर्ण नोंदींच्या प्रती द्याव्यात." दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. घेत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे रुग्णानं मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन परतू नका. किती अंडी काढली, किती भ्रूण तयार झाले, किती सोडले, किती गोठवले, कोणत्या तारखेला आणि वीर्य कोणाचं, हे एकेक लिहून मागा. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या 2021 च्या कायद्यानं या नोंदी किमान 10 वर्षं जपायच्या आहेत, त्यामुळे "जुनं आहे, सापडत नाही" हे उत्तर चालत नाही.

घरातली पिशवीही रिकामी करा. बहिणीच्या पिशवीत सोनोग्राफीच्या दोन पट्ट्या जवळजवळ कोऱ्या झाल्या होत्या. तो कागद उष्णतेनं छपाई होणारा असतो, महिन्यांत उडतो आणि लॅमिनेशन केलं तर काळा पडतो. म्हणून आजच मोबाईलवर फोटो काढा. इंजेक्शनांचे खोके टाकू नका, त्यावर बॅच नंबर असतो. (आमच्याकडे फ्रीज नव्हता, ती शेजारच्या गुरुजींकडे ठेवली होती. उद्या "तुम्ही नीट ठेवली नाहीत" असं कोणी म्हटलं, तर गुरुजी साक्षीदार आहेत.) पावत्या, फोन-पेच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचे निरोप, सगळं तारखेनं लावा. मूळ कागद कोणालाही देऊ नका. "पैसे परत देतो, यावर सही करा" असा कागद पुढे आला, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

गावातून वीस जण नेऊन काचाही फोडू नका. राग खरा असला तरी दवाखान्यातल्या हिंसेसाठी महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि नुकसानीची भरपाईही द्यावी लागते. तक्रारीच्या दोन वर्षांच्या मुदतीतलं उरलेलं वर्ष मग आपल्याच जामिनात जातं.

सेंटर नोंदणीकृत आहे का?

2021 च्या कायद्याखाली प्रत्येक सेंटरची आणि वीर्य-अंडी साठवणाऱ्या बीज बँकेची नोंदणी लागते, आणि प्रमाणपत्र भिंतीवर दिसेल असं लावायचं असतं. पहिल्या स्तराच्या सेंटरला फक्त वीर्य गर्भाशयात सोडण्याचे उपचार करता येतात, टेस्ट ट्यूब बेबी नाही. तालुक्यात शिबिर घेऊन पेशंट शहरात नेणाऱ्यांबाबत हे नक्की तपासा. सेंटरमध्ये तक्रार निवारण कक्ष असणंही सक्तीचं आहे. आधी तिथं लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. नोंदणीत गडबड दिसली, तर सार्वजनिक आरोग्य विभागाखालच्या राज्याच्या समुचित प्राधिकरणाकडे लिहा.

ग्राहक आयोग

पैसे देऊन घेतलेले उपचार ही ग्राहक सेवा आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच ठरवलं. खेड्यातल्या माणसाला सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. सेंटर नागपूरला असलं तरी गडचिरोलीची बाई गडचिरोलीत तक्रार करू शकते. सेंटरला दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ही मर्यादा दिलेल्या पैशांवर मोजतात, मागितलेल्या भरपाईवर नाही, म्हणून भरपाई मागताना हात आखडू नका: उपचार, प्रवास, बुडालेली मजुरी आणि मनस्ताप, सगळं धरा. वकील सक्तीचा नाही. मोबाईलवरून ई-जागृती पोर्टलवरही तक्रार दाखल होते.

मुदत दोन वर्षांची. चूक उशिरा उघडकीला आली असेल, तर कधी आणि कशी कळली ते पुराव्यासह लिहा. दिल्लीतल्या एका जोडप्याला 2009 मध्ये जुळ्या मुली झाल्या. एकीचा रक्तगट आईवडिलांशी जुळेना म्हणून डीएनए तपासणी केली, तेव्हा पतीचं वीर्य वापरलंच नव्हतं हे कळलं. 2023 मध्ये राष्ट्रीय आयोगानं त्यांना दीड कोटी रुपये देण्याचा आदेश दिला. असा प्रसंग कोणावर आला, तर लेकराच्या हक्काची भीती बाळगू नये: या उपचारांतून जन्मलेलं मूल कायद्यानं त्या जोडप्याचंच मानलं जातं.

डीएनएसारखा पुरावा नसेल, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं लेखी मत जोडा. जिल्ह्यात सगळे डॉक्टर एकमेकांना ओळखतात, म्हणून ते बाहेरच्या जिल्ह्यातून घ्या. निकाल विरुद्ध गेला तर 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं. त्याचं नागपूरला खंडपीठ आहे, विदर्भातल्यांना मुंबईला जावं लागत नाही.

डॉक्टरांच्या वर्तनाची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे वेगळी करता येते, पण तिथून भरपाई मिळत नाही. पोलिसांकडचं प्रकरण फक्त घोर निष्काळजीपणात टिकतं.

वकील हवाच असेल, तर बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा. बहिणीला तिथूनच वकील मिळाली. भ्रूण गेल्याचं कळल्याला तेव्हा एक वर्ष अकरा महिने झाले होते. तक्रार यवतमाळला दाखल आहे, आणि दर तारखेला सासू तिच्यासोबत एसटीनं जाते, फाईलची पिशवी मांडीवर घेऊन.