विमान बदलताना मधे सात-आठ तास मिळाले तर

आपल्या लातूर-नांदेडकडची बरीच मंडळी लेकाकडे अमेरिकेला निघाली की हैदराबादेहून विमान पकडतात आणि मधे दोहा नाहीतर दुबईला सात-आठ तास थांबतात. घरच्यांना धास्ती असते ती याच तासांची. मी आईला घेऊन दोहामार्गे गेलो, तेव्हा मलाही होती. पण नीट आखलं, तर पुढच्या चौदा-पंधरा तासांच्या बैठकीआधी अंग मोकळं करायला हाच वेळ कामी येतो.

सुरुवात तिकिटापासून. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं, तर पुढची सोय करायची जबाबदारी कंपनीवर येते. वेगवेगळी तिकिटं काढली तर ती आपल्याच गळ्यात. हैदराबादला काउंटरवर दोन्ही बोर्डिंग पास मागून घ्या आणि बॅगेच्या पावतीवर शेवटचं शहर लिहिलंय का, ते बघा.

उतरल्यावर पहिलं काम घड्याळाचं. दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे आणि बोर्डिंग पासवरची वेळ तिथली असते. आमचं पुढचं विमान साडेबाराचं होतं. आई मनगटाकडे बघून एकदम उठली, "आरं, साडेबारा झाले की! गेलं की विमान." दोह्यात तेव्हा दहाच वाजले होते. तिचं घड्याळ मी तिथल्या तिथे मागे केलं, तेव्हा कुठे ती खाली बसली.

मग पडद्यावर गेट बघा. इतक्या आधी नंबर आला नसेल, तर दोन तास उरले की पुन्हा बघा. आला असेल तर एकदा तिथपर्यंत चालून या, किती मिनिटं लागतात ते लक्षात ठेवा, वाटेतलं स्वच्छतागृह आणि पाण्याचा नळ हेरून ठेवा. दोह्यात मधोमध मोठ्या पिवळ्या अस्वलाचा पुतळा आहे. चुकामूक झाली तर तिथे भेटायचं, असं आधीच ठरवा. आणि एक गोष्ट घरच्या वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगा: बसस्टँडवर 'गाडी फलाटावर लागली आहे' असं ऐकू येतं, तसं इथे होईलच असं नाही. मुंबईसारख्या अनेक विमानतळांवर प्रत्येक विमानाची घोषणा आता होत नाही. विमान सुटायच्या बऱ्याच आधी गेट बंद होतं आणि अमेरिकेच्या विमानाला गेटवर पुन्हा तपासणी होऊ शकते. म्हणून सुटायच्या दीड तास आधी तिथे बसलेलं बरं.

खाण्याचं सोपं आहे. दशम्या, धपाटे, कोरडी शेंगदाण्याची चटणी हातातल्या पिशवीत चालते. ओला ठेचा, लोणचं, दही मात्र नको, कारण मधल्या तपासणीत १०० मिलीच्या वरचं पातळ काही सोडत नाहीत. पाण्याची बाटली रिकामी करून न्या आणि आत गेल्यावर भरा. साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या कधी घ्यायच्या, ते निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. वेळ बदलल्यावर इथेच गोंधळ होतो.

झोपायला शांत खोल्या असतात, दोह्यात बायका-पुरुषांच्या वेगळ्या. दोन अलार्म लावा, पासपोर्ट अंगावरच्या पाऊचमध्ये ठेवा, बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळा. जाग आली की दर तासाला थोडं चाला, नाहीतर पाय सुजतात. हातातल्या पिशवीत एक जोड कपडे आणि दात घासायचा ब्रश असला, की माणूस ताजातवाना होतो.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवा. त्याचे पैसे पडत नाहीत. फक्त मदतनीसाने बसवून ठेवलं आणि तो गेला, तर परत कधी येणार ते विचारून घ्या.

शहर बघायला बाहेर पडायचं असेल, तर आपल्या पासपोर्टवर तिथे प्रवेश मिळतो का, ते आधीच तपासा. सहा तासांपेक्षा कमी वेळ असेल तर मी जाणार नाही.

परतताना मात्र वेगळं असतं. मुंबईला उतरून पुढे संभाजीनगरचं विमान असेल, तर बॅग तिथेच घ्यायची, कस्टममधून काढायची आणि पुन्हा काउंटरवर द्यायची. पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असेल, तर रस्त्याने तिकडे जावं लागतं. मधे चार तास तरी ठेवा.