ब्लॅक कूम चढण्याआधी

इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातली गर्दी स्काफेल पाइक आणि हेल्वेलिन या शिखरांकडे जाते. नैऋत्य टोकाला, आयरिश समुद्राला लागून असलेल्या ६०० मीटर उंचीच्या ब्लॅक कूमवर माणसांपेक्षा मेंढ्या जास्त भेटतात. म्हणूनच हा डोंगर मला फार आवडतो, आणि म्हणूनच तयारी काटेकोर हवी. चुकलात तर वाट विचारायला कुणी नसतं.

डोंगराळ भागाचा हवामान अंदाज आदल्या रात्री बघा आणि निघताना पुन्हा बघा. खाली ऊन असलं तरी समुद्राकडून ढग येऊन माथा झाकून टाकतात. माथा ऐसपैस आहे, धुक्यात चारी दिशा सारख्याच दिसतात आणि पूर्वेला कडा एकदम तुटतो. त्यामुळे ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचा ओएल ६ नकाशा आणि होकायंत्र सोबत असू द्या, दोन्ही वापरायचा सरावही घरीच करा. नुसत्या फोनच्या भरवशावर जाऊ नका, थंडीत बॅटरी भराभर उतरते.

जीन्स आणि सुती टीशर्ट नकोत. भिजले की लवकर वाळत नाहीत आणि वाऱ्यात अंग गारठतं. लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. टोपी-हातमोजे जुलैतही पिशवीत राहू द्या. बूट चांगल्या पकडीचे हवेत, उतरताना ओलं गवत फार घसरतं. उन्हाळ्यात ब्रॅकन नेचा कमरेपर्यंत वाढतो आणि त्यात गोचिडी असतात. पँट मोज्यात खोचा, परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरपट्ट्याखाली नीट तपासा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, तेल लावू नका. लाइम हा जिवाणूंचा आजार गोचिडी चावल्यामुळेच होतो.

पायथ्याच्या व्हिचम गावातल्या चर्चमागून वाट सुरू होते. चढाई साधारण सिंहगडाएवढी, पण वाटेत ताक-पिठलं मिळणार नाही. दीड लिटर पाणी, दशम्या आणि थर्मासमध्ये चहा घ्या. माथ्यावर दगडांचा गोल आडोसा आहे, तिथे वारा चुकवून बसता येतं. हवा स्वच्छ असेल तर समोर आइल ऑफ मॅन बेट दिसतं.

शिट्टी विसरू नका. अडचणीत सापडलात तर मदतीची खूण म्हणून मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबून पुन्हा. रेंज असेल तर ९९९ हा आपत्कालीन नंबर लावून पोलीस आणि माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक, मागायचं.

रेल्वेने जाणार असाल तर सिलक्रॉफ्टला उतरा, तिथून चर्च चालत गाठता येतं. परतीच्या गाडीची वेळ कागदावर लिहून घ्या. डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा डोक्याला लावायची बॅटरीही घ्या.