मृगाच्या पेरणीआधी: कल्चरचं पाकीट आणि मुळांचे पहिले तीन आठवडे

रोहिणीचे चार थेंब पडले की कोल्हापूर जिल्ह्यातल्या खत दुकानांत डीएपीच्या पोत्यांशेजारी रायझोबियम या जिवाणूंची पाकिटं, म्हणजे कल्चर, येतात. पोत्याबरोबर पाकीटही घरी येतं आणि पेरणीपर्यंत शेडमध्ये तापल्या पत्र्याखाली पडून राहतं. आत जिवंत माल आहे, तो उन्हानं मरतो. नंतर ‘कल्चर वापरलं, पण काही फरक नाही’ म्हणायला आपण मोकळे. पाकीट सावलीत, थंड जागी ठेवा आणि घेताना वापरण्याची अंतिम तारीख बघा. तारीख उलटलेलं पाकीट फुकट मिळालं तरी घेऊ नका.

सोयाबीनचं कोवळं मूळ मातीत उतरताना फ्लेवोनॉइड नावाची रसायनं सोडतं. मातीतले रायझोबियम ती ओळखून मुळाकडे येतात आणि स्वतःची रसायनं सोडून मुळाला उत्तर देतात. त्यानं मुळावरचा बारीक केस टोकाशी वळतो, जिवाणू त्याच्या वळणात अडकतात आणि आत तयार होणाऱ्या बारीक नळीतून मुळात शिरतात. तिथं गाठ धरते. गाठीत पीक जिवाणूंना साखर देतं आणि जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात. हे सगळं कोवळ्या मूळकेसांवरच घडतं, म्हणून जिवाणू बियालाच चिकटलेले हवेत. पीक गुडघ्याला आल्यावर कल्चर फेकून त्याची भरपाई होत नाही.

दहा किलो बियाण्याला रायझोबियम 250 ग्रॅम आणि स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू 250 ग्रॅम. एकरी 30 किलो बियाणं धरलं तर दोन्हींची तीन-तीन पाकिटं लागतात. लिटरभर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा, गुळाला आपल्याकडे तोटा नाही. बी ओलसर होण्यापुरतंच त्यातलं पाणी घ्या, त्यात जिवाणू कालवून बियाला लावा. सोयाबीनची साल पातळ असते, चोळू नका, ताडपत्रीवर हलक्या हातानं खालीवर करा. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक, कीटकनाशक लावायचं असेल तर ते आधी लावून सुकू द्यावं, जिवाणू सगळ्यात शेवटी. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलेल्या बियाला ट्रायकोडर्मा लावणं म्हणजे पैसे वाया, कारण ट्रायकोडर्मा ही बुरशीच आहे. भुईमुगाचं रायझोबियम वेगळं आणि सोयाबीनचं वेगळं, पाकिटावर पिकाचं नाव वाचूनच घ्या.

काम झालं की नाही हे 30 ते 35 दिवसांनी कळतं. रोप उपटू नका, उपटताना गाठी मातीतच राहतात. खुरप्यानं मातीसकट काढून मुळं पाण्यात धुवा आणि गाठ नखानं चिरा. आत गुलाबी-लाल दिसलं तर नत्राचं काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट गाठ असेल तर ती नुसती बसून खाते. गाठीच नसतील तर पहिल्यांदा युरियाचा हिशेब काढा. मातीत नत्र भरपूर असला की सोयाबीन गाठी धरायला तयार होत नाही.

आडसाली (पावसाळ्यात लावून दीड वर्षानं तोडायच्या) उसात सोयाबीन किंवा भुईमूग आंतरपीक घेणाऱ्यांचं इथंच चुकतं. आडसालीला लागवडीच्या वेळी एकूण नत्राच्या फक्त दहा टक्के द्यायची शिफारस आहे. ऊस लवकर हिरवागार दिसावा म्हणून सरीत जादा युरिया ओतला की आंतरपिकाच्या गाठी गेल्या. उसाचंही त्यात नुकसानच. उसाच्या आत राहून नत्र धरणारा अ‍ॅसिटोबॅक्टर हा जिवाणू ब्राझीलच्या उसात सापडला आणि 1988 साली जगासमोर आला. मुळं फुटताना पडणाऱ्या बारीक भेगांतून तो आत शिरतो आणि बेण्याबरोबर पुढच्या पिकात जातो. जादा नत्रात त्याची संख्या घटते. जुलैच्या लावणीसाठी 100 लिटर पाण्यात अ‍ॅसिटोबॅक्टर 10 किलो आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू सव्वा किलो मिसळून टिपऱ्या (लावणीचे उसाचे तुकडे) अर्धा तास बुडवा. बुरशीनाशकाची प्रक्रिया त्याआधी, वेगळ्या पिंपात.

आजरा, चंदगड, गगनबावडा भागात धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीत) भात पेरणाऱ्यांनी बियाला जिवाणू लावण्याची घाई करू नये, असं माझं मत आहे. कोरड्या तापलेल्या मातीत बी पावसाची वाट बघू शकतं, त्याच्यावरचे जिवाणू फार तग धरत नाहीत. त्यापेक्षा पाऊस लागून ओल टिकली की अ‍ॅझोस्पिरिलम हा नत्र धरणारा जिवाणू कुजलेल्या शेणखतात मिसळून ओळींत द्या.

आता मायकोरायझा. ही बुरशी मुळाच्या आत शिरते आणि तिचे तंतू बाहेर मातीत काही सेंटिमीटर पसरतात. स्फुरद मातीत जागचा हलत नाही, मुळाला अगदी जवळचाच मिळतो, लांबचा हे तंतू आणतात. जिवंत मुळाशिवाय ती वाढत नाही, म्हणून तिचं खत बियाच्या किंवा टिपरीच्या खाली पडायला हवं. वर उधळलेलं फुकट जातं. स्फुरदाचा मोठा डोस दिला तर पीक तिला फारसं थारा देत नाही. कोबी, फ्लॉवर, पालक, बीट या पिकांना ती लागतच नाही, त्यांच्यासाठी विकत घेऊ नका.

शिरोळ, करवीर, हातकणंगल्यातल्या नदीकाठच्या रानांचं वेगळं. 2019 आणि 2021 सारखा पूर आला आणि पाणी दिवसेंदिवस साचून राहिलं तर मातीतली हवा जाते आणि ही बुरशी खूप घटते. स्फुरद न मिळाल्यानं पुढच्या पिकाची पानं जांभळट पडतात, वाढ खुंटते आणि आपण वर आणखी डीएपी टाकतो. अशा रानात पाणी ओसरून वाफसा आला की आधी मका, ज्वारी किंवा ताग घ्या. या मुळांवर बुरशी पुन्हा वाढते. रान मोकळं पडू देऊ नका आणि खोल नांगरट टाळा, तिनं उरलेले तंतूही तुटतात.