वाशीचा फोन आणि कॅनिंगचा क्रेट : आंब्याच्या शेडवर नव्याने लागणाऱ्यांसाठी

रत्नागिरी-देवगडकडच्या पॅकिंग शेडवर सुपरवायझर म्हणून लागणाऱ्याला झेला (फळ तोडायची जाळीची काठी), आढी (फळ पिकवायला पेंढ्यात लावणं), डझनी (डझनावर मोजणी) हे सगळं ठाऊक असतं. कुणी शिकवत नाही ते एकच: फोनच्या आधी निवडलेला आंबा आणि फोननंतर निवडलेला आंबा वेगळा निघतो, आणि बाग मात्र तीच असते.

होतं असं. साडेअकराला वाशीच्या घाऊक बाजारातल्या दलालाचा फोन येतो, दर उतरलाय. फोन खिशात जातो, राग जात नाही. रागाला कारण असतं, तो लवकर ओसरतो. मागे राहतो तो मूड. त्याला स्वतःचं कारण दिसत नाही, म्हणून तो समोरच्या वस्तूला चिकटतो. देठाजवळचा चिकाचा बारीक डाग, जो सकाळी दहाला पेटीत चालला असता, आता डोळ्यांत खुपतो. फळ कॅनिंगच्या (रस काढणाऱ्या कारखान्याच्या) क्रेटमध्ये, म्हणजे डझनावरचा माल किलोवर. शिवाय निवडणाऱ्या वहिनीला ऐकावं लागतं, "डोळे कुठे आहेत तुमचे?" मग तीही धास्तीने चांगली फळं बाजूला काढू लागते. तासाभरात रास वाढते आणि सगळ्या शेडचं एकमत होतं, आज मालच खराब आलाय.

इथे नीट थांबा, कारण फसगत इथेच आहे. त्या वेळी आपण रागावलोय असं वाटतच नाही. माल वाईट आहे असं वाटतं. म्हणून "रागावर ताबा ठेवा" हा सल्ला कुचकामी ठरतो. ताबा ठेवायला राग दिसायला तर हवा.

श्वार्ट्‌झ आणि क्लोर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली हेच दाखवलं. लोकांना फोन करून आयुष्याबद्दल किती समाधानी आहात असं विचारलं, तेव्हा पावसाळी दिवशी उत्तरं कमी समाधानाची आली. आधी नुसतं "तिकडे हवा कशी आहे?" एवढं विचारलं, की तो फरक मावळला. कारणाला नाव मिळालं की मूड भलत्याला चिकटत नाही.

म्हणून फोन ठेवल्यावर मोठ्याने सांगा: "वहिनी, दर पडलाय म्हणून डोकं तापलंय. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही." लाज वाटते, पहिल्या आठवड्यात तर फारच. तरी सांगा. पुढची वीस मिनिटं डाग-रंग-सुरकुतीचा निवाडा करू नका. वजनाची प्रतवारी, पेट्यांचे शिक्के, पेंढा, असलं काम घ्या. काट्याला मूड नसतो.

पडताळा असा. एकाच बागेच्या, एकाच दिवशीच्या तोडीतून फोनआधीची १० आणि फोननंतरची १० नाकारलेली फळं घ्या, तळाशी खूण करा आणि ज्याला खूण माहीत नाही अशा माणसाकडून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निवडून घ्या. नंतरच्या दहांतली जास्त फळं पेटीत परत गेली, तर दोष फळाचा नव्हता. एका दिवसावर निकाल लावू नका, चार-पाच वेळा करा. दर चढलेल्या दिवशीही करा. तेव्हा हात सैल सुटतो आणि डागी फळ पेटीत जातं. ते आठवडाभराने पट्टीत (दलालाच्या हिशेबाच्या कागदात) कापून येतं, तोवर कुणाला आठवत नाही.

"घरचं घरी ठेवून यायचं" म्हणणारे जुने जाणते भेटतील. त्यांच्याकडून आढी लावायला जरूर शिका, हे शिकू नका. चेहरा कोरा ठेवून राग गिळण्यातच लक्ष खर्च होतं, मग कुठल्या बागेचे किती क्रेट सांगितले तेच निसटतं. सकाळच्या प्रेरणादायी भाषणांबद्दल तर न बोललेलंच बरं.

घाबरू मात्र नका. ही स्वभावातली खोट नाही, सगळ्यांच्या डोक्याची रीत आहे. वाइस आणि क्रोपान्झानो यांची १९९६ सालची मांडणीही हीच, की कामावरच्या घटना भावना जागवतात आणि भावना वागण्यात उतरतात. शेडवर अशा घटना मोजक्याच: फोन, पट्टी, उशिरा आलेला टेम्पो, गेलेली वीज. वहीत वेळेसकट टिपून ठेवा.

मे अखेरीला मळभ आलं की मात्र फोनचीही गरज नसते. पाऊस पडेल या धास्तीने पहाटेपासूनच सगळे तुटक बोलतात. त्या दिवशी पहिला क्रेट उघडण्याआधीच मळभाचं नाव घ्या.