थायरॉइड कमी असेल तर तज्ज्ञ कधी, कुठे आणि कसा शोधावा

‘टीएसएच वाढलाय’ असा रिपोर्ट हातात आला की घरात लगेच चौकशी सुरू होते, चांगला थायरॉइडचा डॉक्टर कुठे मिळेल? त्याआधी, आत्ता तज्ज्ञ लागणार आहे का, हे पाहायला हवं. थायरॉइड ग्रंथी मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तिला मोठ्यानं हाळी देते. ती हाळी म्हणजे टीएसएच. म्हणून थायरॉइड कमी, पण टीएसएचचा आकडा जास्त. ‘थायरॉइड वाढलाय’ असं जे म्हटलं जातं, त्याचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो.

साध्या हायपोथायरॉइडला, म्हणजे थायरॉइड कमी असण्याला, औषध एकच, थायरॉक्सिनची (थायरॉइड ग्रंथी बनवते त्याच हार्मोनची) रोजची गोळी. ग्रंथीचं काम जवळपास पूर्ण थांबलं असेल तर प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ‘शंभरची गोळी’. ग्रंथी थोडंफार काम करत असेल तर पंचवीस किंवा पन्नासची पुरते. हा हिशेब फॅमिली डॉक्टर किंवा एमडी मेडिसिन झालेले डॉक्टर उत्तम सांभाळतात. त्यासाठी दोनशे किलोमीटरचा प्रवास करून तज्ज्ञाची तीन महिन्यांनंतरची तारीख घ्यायची काहीच गरज नाही.

तज्ज्ञाकडे जायलाच हवं अशा वेळा

गरोदरपण ही सगळ्यात महत्त्वाची. आधीपासून गोळी चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळल्याबरोबर डॉक्टरांना फोन करायचा, पुढच्या तपासणीची वाट पाहायची नाही. अशा वेळी डोस सहसा २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावा लागतो आणि निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहावा लागतो. सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड काम करत नसते, ते पूर्णपणे आईवर अवलंबून असतं. मूल राहावं म्हणून उपचार चालू असतील तरी तज्ज्ञाचा सल्ला आधीच घेतलेला बरा.

लहान मूल असेल तर लहान मुलांचे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर. नवजात बाळाच्या तपासणीत दोष निघाला तर इथे दिवस मोजायचे असतात; पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू व्हायला हवी, कारण प्रश्न मेंदूच्या वाढीचा असतो. ओळखीचा तज्ज्ञ सापडेपर्यंत थांबू नका, बालरोगतज्ज्ञांकडून उपचार सुरू करून घ्या.

हृदयविकार असलेले आणि वयस्कर रुग्ण, लिथियम (मानसिक आजारावरचं औषध) किंवा अमियोडॅरोन (हृदयाच्या तालासाठीचं औषध) घेणारे, मानेत गाठ किंवा वाढता गलगंड असलेले, थायरॉइडचं ऑपरेशन झालेले, आणि गोळी नीट घेऊनही ज्यांचा टीएसएच जागेवर येत नाही असे, यांनीही तज्ज्ञ गाठावा.

एक प्रकार बऱ्याचदा निसटतो. फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) कमी आहे, पण टीएसएच नॉर्मल किंवा कमी आहे. इथे बिघाड थायरॉइडचा नसून पिट्युटरीचा असू शकतो. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला, त्यानंतर दूध आलं नाही, पाळी परत सुरू झाली नाही, असा इतिहास असेल तर हा संशय घ्यायलाच हवा. अशा रुग्णाचं कॉर्टिसॉल (ॲड्रिनल ग्रंथीचं हार्मोन) न तपासता थायरॉक्सिन सुरू केलं तर जिवावर बेतू शकतं. केवळ टीएसएच पाहून ‘सगळं ठीक’ म्हणता येत नाही ते यामुळेच.

आणि थायरॉइड कमी असलेला माणूस गुंगीत जात असेल, अंग गार पडलं असेल, बोलणं असंबद्ध झालं असेल, श्वास मंदावला असेल, तर तज्ज्ञ शोधत बसायचं नाही. जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठायचा.

डॉक्टर बदलण्याआधी गोळीची तपासणी

‘या डॉक्टरांच्या गोळीनं गुण येत नाही’ या तक्रारीचं मूळ अनेकदा डॉक्टरांत नसतं, सकाळच्या अर्ध्या तासात असतं. उठल्या उठल्या चहाबरोबर गोळी घेतली तर ती पूर्ण शोषली जात नाही. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर ३० ते ६० मिनिटं चहा, कॉफी, दूध, नाश्ता काहीही नाही. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी चार तासांच्या अंतरानं. ॲनिमियासाठी लोह सुरू झालं आणि दोन महिन्यांत टीएसएच चढला, हे हमखास दिसणारं चित्र आहे. रोजची पित्ताची गोळीही पोटातलं आम्ल कमी करून थायरॉक्सिनचं शोषण घटवते. बाटली गॅसच्या शेगडीवरच्या फळीत किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. आणि ब्रँड परस्पर बदलू नका. दुकानात नेहमीचा मिळाला नाही म्हणून बदलावा लागलाच, तर सहा आठवड्यांनी टीएसएच बघा.

सकाळ जमतच नसेल तर रात्री, जेवणानंतर किमान तीन तासांनी घेतलेली गोळीही चालते. हरतालिकेचा निर्जळी उपास असेल तर हा मार्ग आधी डॉक्टरांना विचारून ठेवा. थायरॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे एखादी गोळी चुकली म्हणून घाबरायचं कारण नाही. पण याच कारणामुळे डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत केलेली टीएसएच तपासणी फुकट जाते. सहा ते आठ आठवडे थांबायलाच हवं.

पाटीवरची पदवी वाचा

या विषयाचा तज्ज्ञ म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, हार्मोनचे डॉक्टर. एमबीबीएसनंतर एमडी मेडिसिन किंवा बालरोग, आणि त्यावर तीन वर्षांचं डीएम एंडोक्रायनॉलॉजी किंवा त्याच्या तोडीचं डीएनबी, ज्याला आता डीआरएनबी म्हणतात. पाटीवर ‘डायबेटॉलॉजिस्ट’ असेल तर ती वेगळी गोष्ट. त्यामागे मधुमेहाचा एखादा छोटा अभ्यासक्रमही असू शकतो. असे अनेक डॉक्टर साधा हायपोथायरॉइड चांगला सांभाळतात, पण वर सांगितलेल्या अवघड प्रकारांसाठी डीएमच पाहा. ‘थायरॉइड स्पेशालिस्ट’ ही पदवी नाही, ते कुणालाही लिहिता येतं. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा सर्जन लागतात ते गाठीसाठी आणि ऑपरेशनसाठी, गोळीचा डोस ठरवायला नाही.

नोंदणी क्रमांक डॉक्टरांच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या किंवा नॅशनल मेडिकल कमिशनच्या संकेतस्थळावरच्या नोंदवहीत टाकून पाहा. वरची पदवी तिथे दिसली नाही तर लगेच खोटी ठरवू नका, कधी कधी ती नोंद करायची राहून गेलेली असते. सरळ विचारा, ‘डॉक्टर, डीएम कुठून केलंत?’ या प्रश्नाचा कुणालाही राग यायचं कारण नाही.

खासगी फी परवडत नसेल तर मुंबईत परळचं केईएम आणि मुंबई सेंट्रलचं नायर या दोन्ही महापालिका रुग्णालयांत एंडोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. ओपीडीचे वार ठरलेले असतात, ते आधी विचारून मगच निघा आणि केसपेपरसाठी सकाळी लवकर पोचा. खेड्यापाड्यातून येणाऱ्यांनी एकदा तज्ज्ञाला प्रत्यक्ष भेटून आखणी लिहून घ्यावी: किती डोस, टीएसएच किती ते किती ठेवायचा, पुढची तपासणी कधी, आणि काय झालं तर परत यायचं. तो कागद गावातल्या डॉक्टरांना दाखवला की वर्षभराचं काम तिथेच होतं.

जाताना काय न्यायचं

सगळ्यात उपयोगी असतो हातानं लिहिलेला एक कागद. त्यावर ओळीनं तारीख, टीएसएच, फ्री टी-४, त्या वेळी चालू असलेला डोस आणि वजन. मूळ रिपोर्ट सोबत हवेतच, पण पंचवीस कागदांची चळत चाळण्यात डॉक्टरांची दहा मिनिटं जातात. चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घाला, केसांसाठी घेत असलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वासकट. बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो. रक्त देण्याआधी ते निदान दोन दिवस बंद ठेवा. टीएसएचसाठी उपाशी राहण्याची गरज नाही, पण सकाळी तो थोडा जास्त आणि दुपारी कमी येतो; म्हणून दर वेळी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, त्याच सुमारास जा. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या.

चांगला डॉक्टर कसा ओळखावा

त्यांच्या प्रश्नांवरून. गोळी केव्हा आणि कशाबरोबर घेता, दुसरी औषधं कोणती, मूल हवंय का, घरात कुणाला थायरॉइड आहे का, घरी मीठ आयोडीनचं आहे की सैंधव, हे ते विचारतात. मान हातानं तपासतात, नाडी बघतात. सत्तरीच्या आजींचा टीएसएच ६ आला आणि फ्री टी-४ नॉर्मल असलं तर गोळी न देता दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात, कारण वयाबरोबर टीएसएच थोडा चढतोच. हृदयविकार असेल तर १२.५ किंवा २५ पासून हळूहळू वर नेतात. वजनाबद्दल खरं सांगतात: थायरॉइडमुळे वाढलेलं वजन बहुधा काही किलोच असतं, पंधरा-वीस किलोंचं खापर एकट्या थायरॉइडवर फोडता येत नाही.

‘मुळापासून घालवतो, गोळी बंद करा’ म्हणणाऱ्याकडून मात्र उठून यावं. हाशिमोटोमुळे (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते त्या आजारामुळे) निकामी झालेली ग्रंथी कोणत्याही चूर्णानं वा थेंबांनी पूर्ववत होत नाही. आयोडीनचा मारा उलट ती आणखी बिघडवू शकतो. दर भेटीला अँटी-टीपीओ (याच आजाराची रक्तातली खूण पाहणारी तपासणी) करायला लावणंही निरर्थक, एकदा पॉझिटिव्ह आली की पुरे. गाठ नसताना दर वर्षी सोनोग्राफीचीही गरज नसते. कोबी-फ्लॉवर कायमचे बंद करायला लावणं, वजन उतरावं म्हणून डोस वाढवणं, क्लिनिकमध्येच महागडे डबे विकणं, हीदेखील वाईट लक्षणं आहेत. यातलं डोस वाढवणं सगळ्यात घातक, कारण गरजेपेक्षा जास्त थायरॉक्सिननं छातीत धडधड होते, हृदयाचा ताल बिघडतो आणि हाडं ठिसूळ होतात.

डोस एकदा बसला की सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा टीएसएच पुरतो. मधे वजन बरंच बदललं, नवं औषध सुरू झालं किंवा दिवस राहिले, तर तारखेची वाट न पाहता तपासणी करून घ्या.