ओएसजीआयमध्ये एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या भिडल्या तर

ओएसजीआय म्हणजे सुट्या भागांतून जावाचा प्रोग्रॅम जोडायची पद्धत, आणि असा एकेक भाग म्हणजे बंडल. बंडल टाकलं, स्टार्ट केलं आणि ते 'इन्स्टॉल्ड'वरच अडून बसलं. लॉगमध्ये लांबलचक ओळ: 'युझेस कन्स्ट्रेंट व्हायोलेशन'. अशा वेळी हाताला लागेल ती जार फाइल कंटेनरमध्ये टाकत सुटायचा मोह होतो. तो आवरा. भांडण कोणत्या पॅकेजवरून (क्लासेसच्या गटावरून) आहे आणि ते कोणाला कुठून मिळतंय, हे कळेपर्यंत काही टाकू नका, काही काढू नका. खालचे आदेश अपाची कराफ या ओएसजीआय कंटेनरचे आहेत.

आधी मुळाशी जाऊ. ओएसजीआयमध्ये प्रत्येक बंडलचा क्लासलोडर (क्लासेस मेमरीत आणणारा भाग) वेगळा, म्हणून गुआवा या जावा लायब्ररीच्या २७ आणि ३० या दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी सुखाने नांदू शकतात. पंचाईत होते ती एकाकडची वस्तू दुसऱ्याच्या हातात गेली की. आमच्या गोव्यात नुसतं 'शांतादुर्गेच्या देवळात जायचंय' म्हटलं तर फोंड्याचा पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाला) कवळ्याला नेईल आणि केप्याचा फातर्प्याला. जावाचंही तसंच: क्लासची ओळख नुसत्या नावाने पटत नाही, तो कोणत्या क्लासलोडरने आणला तेही लागतं.

आता कामाला लागा. 'बंडल:लिस्ट -टी ०' चालवा, म्हणजे सिस्टिमची बंडलंही दिसतील. अडकलेल्याचा क्रमांक घेऊन 'बंडल:डायग' चालवा. नुसतं 'मिसिंग रिक्वायरमेंट' आलं तर प्रकरण सोपं: हवी ती आवृत्ती कोणी एक्स्पोर्टच करत नाही, म्हणजे इतरांना देतच नाही. पण 'चेन १' आणि 'चेन २' दिसल्या तर दोन्ही कागदावर उतरवा. मी अजून पेनानेच लिहितो, कारण स्क्रीनवर ती नावं एकमेकांत गुंततात.

गेल्या वर्षी चवथीच्या आदल्या आठवड्यात एका हॉटेलच्या बिलिंगवर आम्ही असेच अडकलो. कागदावर चित्र असं उमटलं: आमचं बंडल गुआवाचं कलेक्शन पॅकेज थेट मागतंय, रेंज [३०,३१). रिपोर्टची लायब्ररीही आम्हीच वापरतोय, ती २७ ला जोडलेली आणि तिच्या मेथड्स गुआवाच्याच याद्या परत देतात. म्हणून तिच्या एक्स्पोर्टमध्ये 'युझेस' म्हणून (म्हणजे 'हे घेतलं की हेही सोबत येतं' अशी नोंद) तेच पॅकेज नोंदलेलं. एकच पॅकेज आमच्यापर्यंत दोन वाटांनी येत होतं. रिझॉल्व्हरने (बंडलांच्या जोडण्या ठरवणाऱ्या भागाने) आम्हाला अडवलं ते बरोबरच होतं.

खात्रीसाठी 'पॅकेज:एक्स्पोर्ट्स -डी' चालवा. एकापेक्षा जास्त बंडलं जी पॅकेजेस एक्स्पोर्ट करतात, तेवढीच त्यात दिसतात. मग 'बंडल:हेडर्स'ने दोन्ही बाजूंच्या इम्पोर्टची रेंज वाचा. चौकोनी कंस म्हणजे ती आवृत्ती धरून, गोल कंस म्हणजे ती सोडून. कंस न लावता नुसतं २७ लिहिलं तर अर्थ होतो '२७ आणि त्यापुढची कोणतीही'. इथे खूप जण फसतात.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दोघांना एकाच आवृत्तीवर आणणं. आम्ही आमचा कोड २७ वर कंपाइल करून पाहिला, झाला, म्हणून रेंज [२७,३१) केली आणि दोघंही २७ वर आले. कोड कंपाइल झाला नसता तर लायब्ररीची नवी आवृत्ती शोधावी लागली असती. पॅकेज फक्त बंडलच्या आत वापरलं जात असेल, एक्स्पोर्ट केलेल्या एकाही मेथडमध्ये दिसत नसेल, तर ते 'प्रायव्हेट-पॅकेज'मध्ये आत घ्या.

कळकळीने सांगतो, मॅनिफेस्टमधलं (बंडलच्या माहितीच्या फाइलमधलं) 'युझेस' हाताने खोडू नका. बंडल लगेच 'अ‍ॅक्टिव्ह' होतं, पण चार दिवसांनी ऐन गर्दीच्या वेळी 'क्लासकास्टएक्सेप्शन' येतं. एका क्लासचं रूपांतर त्याच नावाच्या क्लासमध्ये होत नाही, असा तो संदेश असतो. तो वाचून अर्धा दिवस डोकं चालत नाही.

बदल केल्यावर 'बंडल:अपडेट' एवढ्याने भागत नाही. 'बंडल:रिफ्रेश' होईपर्यंत इतर बंडलं जुन्याच जोडणीवर राहतात. रिफ्रेशने अवलंबून असलेली बंडलंही थांबून पुन्हा सुरू होतात, म्हणून हे रात्रीच्या निवांत वेळी करा. कराफ 'क्लीन' हा पर्याय लावून सुरू करण्याआधी मात्र थांबा: कन्सोलवरून हाताने टाकलेली बंडलं त्यात पुसली जातात. त्यांची यादी आधी फाइलमध्ये काढून ठेवा.