पीएलए-पीबीएटीचा कप गरम पाण्यात वाकत होता: माझा अनुभव

पीएलए (मक्यासारख्या पिकांपासून बनणारं कडक, ठिसूळ प्लास्टिक) यात २० टक्के पीबीएटी (मऊ, लवचिक, विघटन होणारं प्लास्टिक) मिसळून केलेला कप चिवट झाला, पण ७० अंशांच्या पाण्यात वाकायचा. पीबीएटी ३० टक्के केलं, थंड साच्यात जास्त वेळ ठेवलं, फरक शून्य. दोन आठवडे पार वैताग आला.

पीबीएटी पीएलएत विरघळत नाही, वेगळे थेंब बनून राहतं. त्यानं चिवटपणा येतो, पण पीएलएचे स्फटिक (रेणूंची घट्ट, शिस्तबद्ध रचना) पुरेसे वाढत नाहीत. आणि स्फटिकांविना पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं.

म्हणून स्फटिक वाढवायचं ठरवलं. आधी प्लास्टिकच्या गोळ्या ६० अंशांवर रात्रभर सुकवल्या. मग स्फटिकांची सुरुवात करून देणारी १ टक्का बारीक टाल्क (खनिज पावडर) घालून १९० अंशांवर मिश्रण केलं. शेवटी साचा १०० अंशांवर ठेवून कप २ मिनिटं आतच राहू दिला. स्फटिक झाले का हे ओळखायला रंगावर जाऊ नका, पीबीएटीमुळे कप आधीपासूनच पांढरट असतो. डीएससीत (नमुना तापवून त्यातली उष्णतेची देवाणघेवाण मोजणारी चाचणी) तापवताना थंड स्फटिकीकरणाचं, म्हणजे राहून गेलेले स्फटिक तापवताना बनण्याचं, शिखर आलेखात दिसेनासं झालं, तेव्हा खात्री पटली.